मी, महबूलातल्या पिवळ्या घराची फायरप्लेस

मित्रांनो, मी एक जुनी फायरप्लेस आहे. मला दुसरं नाव द्यायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी करून पाहिला. शेगडी म्हणाल, तर शेगडी उचलून दुसरीकडे नेता येते. मला हलवता येत नाही. चूल म्हणाल, तर माझ्यावर कधी भात शिजला नाही. शेकोटी म्हणाल, तर ती उघड्यावर पेटते आणि माझ्या डोक्यावर तर आख्खं घर आहे. तेव्हा फायरप्लेसच म्हणा. मी विटांची आहे, दिवाणखान्याच्या भिंतीत बांधलेली आहे आणि माझं धुराडं सरळ गच्चीवर जातं. निदान परवा-परवापर्यंत जात होतं.

कुवेतमध्ये फायरप्लेस कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. उन्हाळ्यात इथे दाराची कडी हाताला चटका देते, हे खरं आहे. पण जानेवारीत वाळवंटाकडून वारा सुटला की इथली माणसं कुडकुडतात. वर्षातून जेमतेम दोन महिने माझी आठवण व्हायची. उरलेले दहा महिने मी भिंतीतला एक काळा खड्डा असायचे. मला त्याची सवय झाली होती.

माझा जन्म १९७९ सालचा. तेव्हा महबूलात आजच्यासारखे उंच टॉवर नव्हते. समुद्र होता, वाळू होती आणि लांब लांब अंतरावर चार-दोन घरं होती. त्यांतलं एक आमचं. घर बांधणाऱ्या मालकांना पुढे मुलगा झाला, त्याचं नाव जर्राह ठेवलं, आणि तेव्हापासून मालकांना सगळे बू जर्राह म्हणू लागले. इथे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला ओळखतात. घराच्या विटा चुना आणि वाळूच्या, फिकट पिवळ्या, हाताला खरखरीत. मला एका इराणी उस्तादाने बांधलं. काम संपल्यावर त्याने माझ्यात ओला कागद पेटवला आणि गच्चीवर धावत जाऊन धूर नीट येतोय की नाही ते पाहिलं. धूर सरळ वर आला. उस्ताद गच्चीवरूनच ओरडला. ती माझी पहिली शाबासकी.

माझे चांगले दिवस त्यानंतर आले. हिवाळ्याच्या संध्याकाळी बू जर्राह, त्यांचे म्हातारे वडील आणि दहा-बारा पाहुणे माझ्यासमोर गाद्यांवर बसत. माझ्या निखाऱ्यांवर कॉफीची किटली असे. म्हातारबाबांचं मुंबईला दुकान होतं म्हणे, त्यामुळे बाप-लेक मधूनच हिंदीत बोलत आणि हसत. मी पोसली गेले, मिरवले, आणि सगळ्या मिरवणाऱ्यांप्रमाणे मला वाटलं की हे असंच चालणार.

नव्वद साली लढाई झाली. घरातली माणसं निघून गेली आणि परके सैनिक राहायला आले. त्यांनी या घराचीच दारं फोडून माझ्यात जाळली. मी जळू दिली. फायरप्लेसला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. लढाई संपल्यावर बू जर्राह परत आले, पण त्यांचं मन इथे लागेना. ते दुसरीकडे नव्या घरात गेले आणि आमचं घर भाड्याने दिलं. पुढची बारा वर्षं माझे हाल झाले. एका भाडेकरूने मला चॉकलेटी ऑइलपेंट फासला. दुसऱ्याने माझ्यात टीव्ही ठेवला. तिसऱ्याने चपला. धुराड्यात कबुतरांनी घर केलं. बाहेरच्या विटांना समुद्राच्या हवेने लोणा, म्हणजे मिठाचा क्षार, लागला, आणि घराची खालची बाजू भुसभुशीत, पांढरट होत गेली.

मग २००३ साली अरुणकुमार आणि सुनेत्राबाई आले. मूळचे सांगलीचे. अरुणकुमार शुऐबा भागातल्या एका कारखान्यात अकाउंटंट. बरोबर तीन वर्षांची अंतरा. सुनेत्राबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्यातल्या चपला बाहेर काढल्या आणि म्हणाल्या, "घराच्या पोटात चपला ठेवतात का कोणी?" तेव्हापासून मी त्यांची झाले.

मी मराठी शिकले ती त्यांच्याकडून. शुक्रवारी सकाळी त्या इथल्या मराठी मुलांचा वर्ग घेत. मुलं माझ्यासमोर सतरंजीवर बसत. बाई विचारत, "ससा कुठे झोपला?" मुलं म्हणत, "अंडर द ट्री, टीचर." बाई म्हणत, "झाडाखाली." मग मुलं म्हणत, "येस, झाडाखाली." अशी वर्षं गेली. ससा झोपत राहिला आणि मुलं मोठी होऊन एकेक करून परदेशी गेली. अंतराही कॅनडाला गेली.

सात वर्षांपूर्वी सुनेत्राबाईंच्या हातून चहा बशीबाहेर सांडायला लागला. आधी त्या स्वतःलाच वेंधळी म्हणाल्या. मग एकदा उघड्या कपाटाच्या दारावर कपाळ आपटलं, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर काचबिंदू निघाला. थेंब झाले, दोन ऑपरेशनं झाली. पण काचबिंदूने एकदा नेलेली नजर परत येत नाही. तीन वर्षांपूर्वी उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्याला उजेड कुठून येतोय एवढंच कळे.

पण या घरात त्या आंधळ्या नव्हत्या. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्यापर्यंत अकरा पावलं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. माझ्या धुराड्यातून बारीक वारा सतत खाली येतो. तो डाव्या गालाला लागला की दिवाणखान्याचा मध्य आला असं त्या समजत. प्रत्येक वस्तू ठरल्या जागी असे आणि अरुणकुमार खुर्चीसुद्धा वीतभर सरकवत नसत. परका माणूस आला, तर त्याला काही कळतही नसे. आणि या दोघांना ते तसंच हवं होतं. दुखणं चारचौघांत काढायचं नाही, असा दोघांचाही स्वभाव. वर्ग बंद केला तेव्हासुद्धा बाईंनी "आता जमत नाही हो," एवढंच सांगितलं होतं.

मागच्या ऑक्टोबरमध्ये बू जर्राह आले. वर्षातून एक-दोनदा ते येत, दारातच उभे राहत, चौकशी करत आणि जात. या वेळी त्यांनी बाहेरच्या भिंतीवर काठी टेकवली, तर विटेचा तुकडा खाली पडला. ते म्हणाले, "अरुन, ये घर बूढ़ा हो गया, मेरे जैसा. लड़का बोलता है, तोड़ दो. सर्दी निकल जाए, फिर देखेंगे."

अरुणकुमार आत आले आणि दार लावलं.

"काय म्हणाले?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"काही नाही. विटा खराब झाल्यात म्हणाले."

"अहो, मला दिसत नाही. ऐकू येतं."

अरुणकुमार खुर्चीवर बसले. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या घरात मला पुन्हा शिकायला जमेल का हो? हे घर मी डोळे होते तेव्हा पाहिलंय. ते डोक्यात आहे. नवं घर मी पाहणार कशाने?"

त्या आठवड्यात अंतराचा फोन आला. ती म्हणाली, "आई, जस्ट मूव्ह ना. नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट असेल, सगळं सेफ असेल." पोर मायेनेच बोलत होती. बाई "बघू" म्हणाल्या आणि तिकडच्या बर्फाची चौकशी करू लागल्या.

अरुणकुमारांना निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. एवढी चार वर्षं या घरात निघाली की मग दोघं सांगलीला जाणार होते, बाईंच्या माहेरच्या घरी, जिथली पायरीन् पायरी त्यांना लहानपणापासून माहीत होती. चार वर्षांचाच प्रश्न होता. अरुणकुमारांनी दोन दिवस विचार केला आणि त्यांना एक युक्ती सुचली. घर कुरूप झालंय म्हणून पाडायचं म्हणतात ना? मग आपणच ते देखणं करू. देखणं घर कोण पाडेल?

ही युक्ती त्यांनी यूसुफला सांगितली. यूसुफ दाभोळचा. आमच्या मागच्या अंगणातल्या खोलीत एकटा राहायचा, बायको आमिना गावी. तरुणपणी इथे गवंड्याच्या हाताखाली आला आणि आता राई नावाच्या भागातल्या एका दगड-फरशीच्या गोदामात कामाला होता. विटेला हात लावला की तिचं दुखणं त्याला कळे.

"काम मी करीन, साहेब," यूसुफ म्हणाला. "पन आधी मालकाकडून लिवून घ्या. चार वर्सा राहू देनार, असा. हितं तोंडी बोलन्यावर काय नाय राहात."

"एकवीस वर्षांचे संबंध आहेत, यूसुफभाई. एकदाही त्यांनी आम्हाला दुखावलं नाही. आता कागद पुढे करायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

"मग वैनींच्या डोळ्यांचा तरी सांगा. म्हातारा दिलाचा चांगला हाय."

"ते तर मुळीच नको."

"नकोच," आतून बाईंचा आवाज आला. "डोळे दाखवून घर मागायचं? आपण काम करून दाखवू, यूसुफभाई. त्यांना आवडलं तर ते आपणहून ठेवतील."

यूसुफने माझ्याकडे पाहिलं आणि तो किती माल लागेल ते मोजू लागला. तो शहाणा माणूस होता, पण साहेबांपुढे दोनदाच्या वर बोलणारा नव्हता. मला विचाराल, तर त्या दिवशी त्याने तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं.

नोव्हेंबरपासून प्रत्येक शुक्रवारी काम सुरू झालं. बाहेरच्या भिंती आधी तारेच्या ब्रशाने घासल्या. लोणा पिठासारखा गळत होता. यूसुफ सडलेल्या विटा काढून नव्या बसवी, आणि अरुणकुमार विटांमधले सांधे खरवडून त्यांत सिमेंटचा नवा माल भरत. आयुष्यभर आकड्यांत रमलेला माणूस, पहिल्याच शुक्रवारी दोन्ही तळहातांना फोड आले. पुढच्या शुक्रवारी हातमोजे घालून परत हजर. गंजलेल्या खिडक्यांच्या जाळ्या गडद हिरव्या रंगवल्या. पुढच्या दाराला पॉलिश केलं. दिवाळीसुद्धा त्यांनी सिमेंटच्या हातांनीच केली.

मग माझी पाळी आली. माझा चॉकलेटी रंग खरवडायला तीन शुक्रवार लागले. रंगाखालून माझ्या पिवळ्या विटा निघाल्या, तेव्हा मी स्वतःच चकित झाले. मला वाटत होतं की त्या कधीच मेल्या. धुराड्यातून कबुतरांचं घरटं निघालं, दोन पोती काटक्या निघाल्या आणि कुणाचा तरी हरवलेला चेंडूही निघाला. यूसुफने गोदामात उरलेला एक ओमानी दगड आणून माझ्यापुढे बसवला. आणि बाई माझ्याजवळ बसून सांध्यांवरून बोट फिरवत. "इथे राहिलंय. इथे जास्त झालंय." त्यांची चूक एकदाही निघाली नाही.

"वैनी, तुमी गवंडी पायजे होतात," यूसुफ म्हणाला.

"पुढच्या जन्मी," बाई म्हणाल्या आणि हसल्या. इतक्या मोकळेपणी त्या तीन वर्षांत हसल्या नव्हत्या.

काम पुरं झालं तेव्हा आजूबाजूच्या टॉवरमधले लोक खाली येऊन घराचे फोटो काढू लागले. पिवळ्या विटांचं, हिरव्या जाळ्यांचं घर. एवढ्या काचेच्या आणि सिमेंटच्या गर्दीत ते उठून दिसत होतं. मला अभिमान वाटला, हे मी कबूल करते.

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी बू जर्राह यांना चहाला बोलावलं. मुलगा जर्राह त्यांना गाडीतून घेऊन आला. यूसुफने माझ्यात लाकडं रचली होती. चौतीस वर्षांनी मी पेटणार होते. मला धास्ती होती की धूर खोलीत येईल आणि सगळी शोभा होईल. पण धूर सरळ वर गेला.

म्हातारे बू जर्राह माझ्यासमोर खुर्चीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मेरा बाप इधर बैठता था," ते म्हणाले. जर्राह मोबाइलवर व्हिडिओ घेत फिरत होता. कधी माझा, कधी वडिलांचा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनेत्राबाई आल्या. मोरपिशी साडी, हातात ट्रे, ट्रेमध्ये चहा आणि रव्याचे लाडू. अकरा पावलं चालून त्या नेमक्या बू जर्राह यांच्यापुढच्या तिपाईशी थांबल्या, वाकल्या, ट्रे ठेवला आणि कप उचलून त्यांच्यासमोर धरला. एक थेंब सांडला नाही. आवाजाच्या रोखाने पाहून त्या म्हणाल्या, "शक्कर कम है, आपके लिए."

म्हाताऱ्याने चहा घेतला आणि अरुणकुमारांचा हात धरला. "अरुन, ये घर नहीं टूटेगा. वल्ला, नहीं टूटेगा."

त्या रात्री निखारे विझेपर्यंत अरुणकुमार माझ्यासमोर बसून होते. "बघ," ते बाईंना म्हणाले, "कागद लागला का?" आणि मलाही वाटलं की मी घर वाचवलं. घर वाचलंच, मित्रांनो. त्यात खोटं काही नाही.

तीन आठवड्यांनी जर्राह एकटा आला. येताना खजुराचा मोठा डबा घेऊन आला. तो इंग्रजीत बोलला. मी तुम्हाला मराठीत सांगते. तो म्हणाला, अंकल, तुम्ही कमाल केलीत. बाबा त्या दिवसापासून दुसरं काही बोलतच नाहीत. मी आणि माझी बायको तर या घराच्या प्रेमात पडलो. आता पाडायचं नाही. हे आम्ही स्वतःसाठी ठेवणार, सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंब इथे जमेल. तुमच्यासाठी मी जवळच नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघून ठेवलाय, दोन महिन्यांत सावकाश हला. सातवा मजला. समुद्र दिसतो.

अरुणकुमारांच्या तोंडून काय निघालं सांगू? "येस, येस. ऑफ कोर्स." समोरच्याला अवघडायला नको म्हणून हो म्हणायची सवय. जर्राहने त्यांना मिठी मारली आणि तो गेला. दार लागल्यावर अरुणकुमार माझ्या दगडावर खाली बसले. बाई उभ्याच होत्या.

"समुद्र दिसतो म्हणाला," त्या म्हणाल्या.

यूसुफ ऐकून भडकला. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेबांवर ओरडला. "तुमी त्याला सांगितलाव काय डोल्यांचा? नाय ना? मग त्याला काय सपान पडनार हाय? म्हाताऱ्याला जाऊन सांगा. आताच्या आता सांगा." पण म्हाताऱ्याला त्याच आठवड्यात उपचारांसाठी लंडनला नेलं होतं. फोन कुणी उचलत नव्हतं.

पुढच्या शनिवारी जर्राह एका डिझायनरला घेऊन मापं घ्यायला आला. तेव्हा अरुणकुमार उठले. बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या "नको हो" म्हणाल्या, पण या वेळी त्यांनी ऐकलं नाही. शर्टाचं बटण सारखं चाचपत त्यांनी सगळं सांगितलं. माझी बायको आंधळी आहे. तिला फक्त हेच घर माहीत आहे. चार वर्षं राहू द्या, मग आम्ही जातो.

जर्राह आधी गोंधळला. त्याने बाईंकडे पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि अरुणकुमारांपुढे धरला. त्यात मी पेटलेली होते. मोरपिशी साडीतल्या बाई ट्रे घेऊन सरळ चालत येत होत्या, नेमक्या तिपाईशी वाकत होत्या, कप उचलून देत होत्या आणि म्हाताऱ्याकडे पाहून हसत होत्या.

"अंकल," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला आणखी मुदत हवी असेल तर तसं सांगा. असं कशाला?"

अरुणकुमारांनी कपाटातून डॉक्टरांची फाइल आणली. जर्राहने फाइल हातात घेतली नाही. "प्लीज, अंकल. मला लाजवू नका," तो म्हणाला.

आणि मग ते घडलं, जे मला आजही आठवलं की माझ्या विटा आतून चिरतात. हे बोलणं ऐकून सुनेत्राबाईंचा चेहरा लाल झाला. नवरा खोटारडा ठरत होता आणि तो त्यांच्यापायी. त्या एकदम उठल्या, ताठ मानेने वळल्या आणि सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. त्या धडपडाव्यात असं मला वाटलं, मित्रांनो. खुर्चीला अडखळाव्यात, दारावर आपटाव्यात, एकदाच, या एका दिवशी. मी माझ्या धुराड्यातला वारा रोखून धरायचा प्रयत्न केला, म्हणजे त्यांचा अंदाज चुकेल. पण वारा माझ्या हातात नसतो. त्या अकरा पावलं चालल्या आणि दारातून अचूक आत गेल्या.

जर्राहने अरुणकुमारांकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. या वयात या भल्या माणसावर खोटं बोलायची वेळ आली, याचं त्याला वाईट वाटत होतं. त्याने दोन महिन्यांचे तीन केले आणि तो मापं घ्यायला लागला.

बू जर्राह लंडनहून परत आले तेव्हा त्यांची वाचा गेली होती आणि ते माणसं ओळखत नव्हते, असं यूसुफ सांगत होता.

एप्रिलच्या शेवटी टेम्पो आला. आधी सोफा गेला, मग तिपाई, मग कपाटं. सामान गेल्यावर खोलीचा आवाज बदलला. बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि मध्येच थबकल्या. या घरात पहिल्यांदा त्यांनी हात पुढे केले, आंधळी माणसं करतात तसे. चाचपडत माझ्यापर्यंत आल्या, माझ्या विटांवर तळवा ठेवला आणि विचारलं, "ही आपलीच ना?" अरुणकुमार म्हणाले, "हो." मग त्यांनी बाईंचा हात धरला आणि दोघं गेले.

पुढे माझं फार चांगलं झालं. डिझायनरला घराची समोरची बाजू साधी वाटली, म्हणून अरुणकुमारांनी शुक्रवारी शुक्रवारी भरलेल्या सांध्यांवर जॉर्डनचा पांढरा दगड चढला. माझ्या तोंडावर काच बसली. आत विजेवर हलणाऱ्या ज्वाळा आल्या, खोटी लाकडं आली. धूर होणार नव्हता, तेव्हा धुराड्याचं काय काम? वरून फोम भरला आणि सिमेंटने तोंड बंद केलं. तो वारा आता खाली येत नाही.

दगड बसवायला राईच्या त्याच गोदामातली माणसं आली. त्यांत यूसुफ होता. मागची खोली गेल्यापासून तो पाच जणांत एका खोलीत राहत होता. दुपारी तो माझ्यापुढे डबा उघडून बसला आणि त्याने दाभोळला आमिनाला फोन लावला.

"कालच गेलतू त्यांच्याकडं," तो सांगत होता. "सातव्या माल्यावर. वैनी खोलीच्या भायेर येतच नाय. भिंत खय हाय ता कलत नाय त्यांना. परवा चाय करायला गेल्या नि उकलता पानी हातावर घेतलानी. साहेब कामाला गेले का दिसभर पलंगावर बसून ऱ्हातत. आता कुनी बघितलान तर लगेच पटल त्याला. पन बघतो कोन?" पलीकडून आमिना काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. यूसुफने डबा अर्धाच खाल्ला आणि उठला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कथा सांगतात, तेव्हा शेवटी आमची काळजी घ्या अशी विनंती करायची रीत आहे. मी ती कशी करू? माझी काळजी उत्तम घेतली जाते. दर बुधवारी एक कंपनीचा माणूस येतो, काच पुसतो, दिवा लागतो का पाहतो आणि कागदावर सही करून जातो. अरुणकुमारांनीही माझी काळजीच घेतली होती. त्यांनी ती इतकी चांगली घेतली नसती, तर कदाचित हे पडकं घर आणखी काही महिने तसंच विसरलेलं राहिलं असतं आणि बाई त्यात राहिल्या असत्या.

म्हणून विटांची काळजी घेतली नाहीत तरी चालेल. पण कुणी शर्टाचं बटण चाचपत, शब्द जुळवत आपलं दुखणं सांगायला उभं राहिलं, तर मोबाइल खिशातच ठेवा आणि त्याने आणलेली फाइल हातात घ्या. उघडली नाहीत तरी हातात घ्या. आणि तुमच्या घरात कुणाला काही होत असेल, तर ते झाकून चहा देत बसू नका. मला एवढंच सांगायचं होतं. हे मी त्या शनिवारीही सांगत होते, पण विटांचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही.

आज रविवार आहे. ज्वाळा लावलेल्या वेळेप्रमाणे आपोआप पेटल्या आहेत आणि खोलीत कुणी नाही. बुधवारपर्यंत इथे कुणी येत नाही.